भट्टीमागची ओळ

परीक्षक : काडी संपली, वहिनी. दुसरी पेटी आहे का?

सून : ही दुसरीच होती, भाऊजी.

परीक्षक : मग तिसरी आणा.

सून : तिसरी स्वयंपाकघरात आहे आणि ती मी देणार नाही. संध्याकाळी चहा लागेल सगळ्यांना. तुम्हालाही.

परीक्षक : अहो, पण हे पान पेटतच नाहीये.

सून : काडी दमट असेल.

परीक्षक : काडी पेटली, वहिनी. प्रत्येक काडी पेटली. पान नुसतं बघत बसलं. मी तंबाखूची पानं तपासणारा माणूस. कडेला काडी लावायची, फुंकर घालायची आणि ठिणगी किती लांब जाते ते पाहायचं, एवढ्यावर माझं घर चालतं. चांगल्या पानावर ठिणगी मुंगीसारखी चालत जाते. इथे मुंगी जन्मालाच येत नाही.

सून : दुसरं पान घ्या. ढिगाऱ्याच्या खालून घ्या.

परीक्षक : खालून घेतलं, वरून घेतलं, मधून घेतलं. जे पान तुमचा कुत्रा मोती तोंडात धरून चालला होता, तेही त्याच्याकडून घेतलं. तेवढं एक जरा धुमसलं. बहुतेक त्याच्या श्वासाने.

सासरे : कशाला पेटवताय उगाच? आधी वजन करा. वजन बघा आणि मग बोला.

परीक्षक : काका, बसा तुम्ही.

सासरे : बसलेलोच आहे. इथून ओरडतोय. एवढं मोठं पान या शेतात कधी झालं नव्हतं. हत्तीच्या कानाएवढं पान आहे एकेक!

परीक्षक : हत्तीचा कान तरी पेटला असता.

सासरे : मजबूत आहे, म्हणून पेटत नाही.

परीक्षक : तंबाखू मजबूत असून काय करायचंय, काका? चपला शिवायच्यात? हे पान बघा. काळपट हिरवं, जाड, भट्टीत भाजूनसुद्धा पिवळं व्हायला तयार नाही. शिरा तर दोरखंडासारख्या. मघाशी काडी धरून धरून एक झुरका ओढला, तर समोरची भिंत जवळ आली.

सून : म्हणून तुम्ही पोत्यांवर आडवे झाला होतात?

परीक्षक : मी आडवा झालो नाही. भिंतीला जागा करून दिली.

सून : भाऊजी, थट्टा पुरे. माझ्या नवऱ्याचे मित्र म्हणून नाही, कारखान्याचे म्हणून सांगा. कुठली प्रत?

परीक्षक : प्रत? प्रत लागण्यासाठी आधी तंबाखू असावी लागते.

सून : म्हणजे?

परीक्षक : म्हणजे मी हे घेऊ शकत नाही. तळातल्या प्रतीतसुद्धा नाही. वहिनी, मी तुम्हाला ओळखतो म्हणून वाईट वाटतं. पण हे तुम्ही कराल असं वाटलं नव्हतं.

सून : मी काय केलं?

परीक्षक : वजन वाढावं म्हणून खत कोंबलंत. करतात लोक. पण तुम्ही?

सून : कोंबलं? मी? तोंड सांभाळून बोला, भाऊजी. लावणीच्या वेळी एकदा खत दिलं, तेही माती तपासून. दुसरा हप्ता द्यायची वेळ आली तेव्हा पाऊस गायब. विहिरीत प्यायच्यापुरतं पाणी. तेव्हा मी हप्ता रोखला. गोणी तशीच खोलीत उभी करून ठेवली. का रोखला, विचारा ना?

परीक्षक : का ते मला माहीत आहे.

सून : बाबांना माहीत नाही, त्यांच्यासाठी विचारा.

परीक्षक : का रोखला?

सून : कारण माती कोरडी असली की मुळांना खत खाता येत नाही. ते तिथेच पडून राहतं, आणि मग उशिरा पाऊस आला की झाड सगळं एकदम खातं. नेमकं तेव्हा, जेव्हा त्याने खाणं थांबवायचं असतं. तंबाखूचं पान पिकायचं तर शेवटच्या दिवसांत मातीतलं नत्र संपलेलं लागतं. झाड जरा उपाशी राहिलं की पान पिवळं होतं, पातळ होतं, गोडी धरतं. हे मला कळतं. हे कळतं म्हणूनच यंदा शेत मागून घेतलं मी. आणि तुम्ही मला सांगताय, कोंबलं!

परीक्षक : पण पान सांगतंय.

सून : पानाला काय तोंड फुटलंय?

परीक्षक : पानाचं तोंड ओळखण्याचाच पगार घेतो मी. या पानाने एकदा नाही, चार-चारदा ताट साफ केलंय. आणि सगळं पाऊस आल्यावर. ठासून नत्र आहे, म्हणून एवढं कडक. आणि पेटत नाही ते आणखी वेगळंच. ते नुसत्या नत्राने होत नाही.

सून : खोटं आहे. गोणी खोलीत आहे. चला, दाखवते.

सासरे : गोणी बघायला नको.

सून : का नको?

सासरे : उगाच पायपीट. ऊन आहे.

सून : बाबा, खोली तुमच्या खुर्चीमागे आहे.

सासरे : तरी.

सून : बाबा.

सासरे : मूठभरच घेतलं असेल.

सून : काय मूठभर?

सासरे : युरिया.

सून : कुणासाठी?

सासरे : झाडांसाठी. मग काय, पाहुण्यांसाठी?

सून : कुठल्या झाडांसाठी?

सासरे : जी माझ्याकडे बघत होती, त्यांच्यासाठी.

सून : कुठली बघत होती?

सासरे : सगळीच. तू दिवसभर कामात असतेस. मी या खुर्चीत बसून असतो, तोंड शेताकडे. खालची पानं पिवळी पडायला लागली, माना टाकल्या. रोज सकाळी उठून तेच बघायचं? माझ्या डोळ्यांदेखत उपाशी मरत होतं पीक!

सून : उपाशी नव्हतं! तहानलेलं होतं!

सासरे : पिवळं पडलं होतं.

सून : तहानेनेही पिवळंच पडतं! खालची पानं सोडून देतं झाड, वरची जगवायला. तहान लागलेल्याला तुम्ही जेवायला वाढलंत, बाबा!

सासरे : मग काय वाढणार? पाणी तर नव्हतं.

परीक्षक : काका, एक मूठ म्हणालात. एका मुठीने असं पान होत नाही.

सासरे : एका झाडाला एक मूठ.

परीक्षक : अरे देवा.

सासरे : आणि मी एकटा नव्हतो.

सून : कोण होतं तुमच्याबरोबर?

सासरे : बरोबर नाही. समोरून. मी पहाटे टमरेलात युरिया घेऊन बांधावर गेलो, तर समोरून तुझा नवरा. त्याच्या हातात टमरेल.

सून : काय म्हणाला?

सासरे : म्हणाला, फिरायला आलोय. मी म्हटलं, मीही.

सून : टमरेल घेऊन फिरायला?

सासरे : आम्ही एकमेकांच्या टमरेलाकडे पाहिलं नाही. बाप-लेक आहोत, तेवढी मर्यादा पाळतो.

सून : म्हणजे हे मला रोज विचारत होते, "पीक कसं आहे गं?" आणि मी सांगत होते, "चिंता करू नका, टिकेल". आणि हे मान हलवून, डबा घेऊन, गाडी सुरू करून जात होते. युरिया टाकून!

सासरे : तुझी काळजी होती त्याला. तू झोपेत "पान, पान" म्हणत होतीस.

सून : मग मला उठवायचं! शेताला कशाला खायला घालायचं?

परीक्षक : थांबा, वहिनी. नत्राचं समजलं. पेटत का नाही, ते अजून समजलं नाही. काका, युरियाशिवाय काय काय टाकलंत?

सासरे : पोटॅश. दुकानदार म्हणाला, पान पेटायला पालाश चांगलं.

परीक्षक : बरोबर म्हणाला. कुठला पोटॅश? पांढरा की लाल?

सासरे : लाल. दिसायलाही बरा होता.

सून : लाल! बाबा, तंबाखूला लाल पोटॅश कुणी घालतं का? त्यात क्लोराइड असतं. ज्याने पान पेटायचं ते पालाश, आणि ज्याने विझायचं ते क्लोराइड, दोन्ही एकाच पोत्यातून घातलंत!

परीक्षक : तरी एवढं नाही होणार. म्हणजे, एवढं ठार नाही. या बाजूच्या ढिगातलं पान तर ओलं झाल्यासारखं लागतंय हाताला. हवेतलं पाणी ओढतंय. यात मीठ आहे, मी सांगतो. वहिनी, विहिरीचं पाणी खारट झालंय का?

सून : नाही. आणि हा ढीग स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या ओळींचा आहे. बाबा, तुम्ही छताकडे का बघताय?

सासरे : कोळी आहे तिथे.

सून : आईंनी काय टाकलं?

सासरे : तिने खत नाही टाकलं. ती खताच्या विरुद्ध आहे. तिने फक्त बटाटे उकडलेलं पाणी टाकलं. म्हणाली, पाण्याचं पाणी आणि अंगी लागेल.

परीक्षक : मीठ घालून उकडतात बटाटे?

सासरे : बिनमिठाचं कसं द्यायचं कुणाला?

परीक्षक : रोज?

सासरे : म्हणूनच रोज बटाटे होते. मीही कंटाळलो होतो. पण शेतासाठी खाल्ले.

सून : मी म्हणतेय, दुष्काळात घरात भाजी मिळत नाही म्हणून बटाटे. आणि इथे अख्खं घर शेताला मिठाचं पाणी पाजण्यासाठी बटाटे खातंय!

परीक्षक : म्हणजे काकांचा युरिया, नवऱ्याचा युरिया, लाल पोटॅश आणि मिठाचं पाणी. वहिनी, मी माझे शब्द मागे घेतो. तुम्ही काही कोंबलं नाही. पण असं घर मी पाहिलं नाही. कमाल आहे, काका. विचारायचं तरी कुणाला!

सासरे : आणि तुमच्या त्या पुड्या.

परीक्षक : कुठल्या पुड्या?

सासरे : कारखान्याच्या. तुम्हीच दिल्यात. पावसाची वाट बघत होतो तेव्हा गाडी थांबवून तुम्ही माझ्या हातात पिशवी ठेवलीत. म्हणालात, "काका, फुकटचं खत आहे, पानावर फवारा, दुष्काळात पिकाला आधार."

सून : भाऊजी, तुम्ही का छताकडे बघताय?

परीक्षक : कोळी मोठा आहे.

सून : तुम्ही सुद्धा?

परीक्षक : ते वरून आलं होतं, वहिनी. सगळ्यांना वाटायचं होतं. आणि काकांचा चेहरा बघवेना. आपण काहीतरी द्यावं असं वाटलं.

सून : काहीतरी द्यावं! तेच! या घरात आणि या घराच्या फाटकासमोरून जाणाऱ्या प्रत्येकाला काहीतरी द्यावं असं वाटतं! मोतीला बघा. सकाळी आई भाकरी घालतात, मग बाबा बिस्किटं, मग हे गाडीत बसता बसता अर्धा डबा. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याला भूक लागलेली तुम्ही शेवटची कधी पाहिलीत? कुणाला सांगता आलं नाही. तो फाटकातून बाहेर जायचा थांबला, तेव्हा आपल्याला वाटलं घराची ओढ आहे. ओढ नव्हती, तो मावत नव्हता! आणि मी? मला ताप आला होता, लग्नानंतर पहिल्याच वर्षी. आठवतंय? घसा सुकला होता माझा. मी पाणी मागत होते आणि तुम्ही सगळे वाट्या घेऊन रांगेत उभे. शिरा खा, खीर खा, फळ खा. पाणी कुणी आणलं? शेजारच्या बाईने!

सासरे : खीर चांगली झाली होती.

सून : बाबा!

सासरे : झाली होती, एवढंच म्हटलं.

सून : एक हंगाम मागितला होता मी तुमच्याकडे. एक. तुम्हीच अट घातलीत. पान वरच्या प्रतीत गेलं तर शेत माझ्याकडे, नाही गेलं तर तुमच्या धाकट्याकडे. आणि धाकटे इथे काय करणार आहेत, सांगा भाऊजींना.

सासरे : त्याचा विचार पक्का नाही अजून.

सून : पाटी रंगवून तयार आहे! भाऊजी, ते इथे गाड्या धुण्याचं दुकान काढणार आहेत. पाण्याच्या फवाऱ्याने. याच विहिरीवर! ज्या विहिरीतून मी झाडाला तांब्याभर पाणी द्यायला घाबरले, त्या विहिरीच्या पाण्याने चाकं धुणार!

परीक्षक : फेससुद्धा लागतो त्याला.

सून : मी मातीचा डबा घेऊन तपासायला कुठे कुठे गेले. शेंडे स्वतःच्या हाताने खुडले. फुटवे काढून काढून बोटं काळी झाली, डिंकाने केस चिकटले. पाऊस येईना तेव्हा मीही बघत होते ना ती पानं? मला काय डोळे नाहीत? माझाही हात त्या गोणीकडे जात होता. पण गेला नाही. मी माझा हात धरून बसले आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागून मुठी भरून जात होतात. आणि आता नापास कोण झालं? मी!

सासरे : कुणाच्या मनात वाईट नव्हतं, सूनबाई.

सून : वाईट असतं तर बरं झालं असतं. वाईट मनाने कुणी एवढी मेहनत घेत नाही.

परीक्षक : वहिनी, मी एक विचारू का? सगळं पान याच शेतातलं? म्हणजे प्रत्येक ओळीला कुणी ना कुणी...

सून : एक मिनिट.

परीक्षक : काय झालं?

सून : बाबा, तुमच्या खुर्चीतून भट्टीच्या मागचं दिसतं?

सासरे : भिंत दिसते भट्टीची. मागे काय आहे?

सून : एक ओळ आहे मागे. कडेची. तिथे पहाटे टमरेल घेऊन गेला होतात?

सासरे : तिकडे चढ आहे. माझे गुडघे तिकडे जात नाहीत.

सून : हेही नसतील गेले. गाडी या बाजूला लागते. आणि आईंच्या खिडकीतून तर तो कोपरा दिसतच नाही. भाऊजी, ती ओळ मी वेगळी भाजली होती. वरच्या काठीवर टांगलीय अजून. पानं बारकी वाटली म्हणून ढिगात मिसळली नाहीत.

परीक्षक : आणा. पण काडी नाही माझ्याकडे.

सून : आणते.

(ती भट्टीतून पानांची जुडी आणि स्वयंपाकघरातून तिसरी काडेपेटी घेऊन येते.)

सासरे : एवढीशी? हे काय पान आहे? उडून जाऊ नये म्हणून धरून आणावं लागलं असेल.

सून : दुष्काळ होता, बाबा. लहानच असणार. वजनही कमीच भरणार. मी कधी म्हटलं, मोठं होईल म्हणून?

परीक्षक : रंग बघा पण. काका, इकडे उजेडात बघा. लिंबासारखा आहे. वास घ्या.

सासरे : गवतासारखा येतोय. वाळलेल्या.

परीक्षक : तसाच यायला हवा. कडक जरा असेल, दुष्काळाचं पान ते. पण पिकलंय. लावा, वहिनी. तुम्हीच लावा.

सून : नको, तुम्ही लावा.

परीक्षक : लागली. काडी काढली.

सासरे : विझलं.

परीक्षक : थांबा.

सासरे : विझलं म्हटलं ना.

परीक्षक : काका, गप्प बसा जरा. चालतेय.

सून : कुठे?

परीक्षक : ही काय. कडेने. आता वळली. शिरेपाशी आली... शीर ओलांडली. राख बघा, पांढरी. पानाला धरूनसुद्धा बसलीय.

सून : भाऊजी, बोट.

परीक्षक : असू दे.

सून : भाजेल!

परीक्षक : भाजू दे हो. सकाळपासून कशाने तरी भाजावं म्हणून बसलोय. घ्या, संपली. वरची प्रत. या जुडीला डोळे मिटून वरची प्रत. बाकीचं मात्र, काका, मी नेऊ शकत नाही. कारखान्याला आग लागली तर विझवायला उपयोगी पडेल, एवढंच.

सासरे : एक ओळ म्हणजे शेत नव्हे. अट पिकाची होती.

सून : अट माझ्या हातच्या पिकाची होती. माझ्या हातचं एवढंच आहे. बाकी सगळं तुमच्या सगळ्यांच्या हातचं. भाऊजी, ते नापास लिहा, आणि नावं घाला. बाबा, आई, हे. आणि स्वतःचंही घाला.

परीक्षक : माझं राहू द्या.

सून : घाला. पुड्या कुणी दिल्या?

सासरे : त्या ओळीला खरंच कुणी काही दिलं नाही?

सून : लावणीला दिलं ते मी. आणि पाणी मिळेल तेव्हा ओंजळभर. त्यानंतर तिच्यावर कुणाला दया आली नाही. म्हणून वाचली. आता तुम्ही शेताकडे बघू नका आणि मला बघून मान खाली घालू नका. शेत माझं, हो की नाही, ते सांगा.

सासरे : धाकट्याला काय सांगू? पाटी रंगवलीय त्याने. अक्षर छान आहे.

सून : पाठची बाजू कोरी असेल. मी लिहीन तिच्यावर.

सासरे : काय?

सून : "पिकाला खायला घालू नये."

परीक्षक : प्राणिसंग्रहालयात असते तशी.

सून : तशीच. चारही बाजूंना लावीन. आणि बटाटे बंद.

सासरे : बटाटे बंद चालतील. त्याला माझी ना नाही.

सून : आणि बाकीच्याला?

सासरे : पुन्हा पाऊस नाही आला, पुन्हा पानं पिवळी पडली, मग? मी इथे बसणार. मला दिसणार. मला ते जमत नाही, सूनबाई. मी तुला वचन देईन आणि पहाटे टमरेल शोधेन. मला माझी खात्री नाही.

सून : मग काय करायचं?

सासरे : भाऊ, तुम्ही जरा या बाजूने धरा. जड आहे.

परीक्षक : काय धरू? खुर्ची?

सासरे : मी उठतो. फिरवा. अजून. शेत अजून दिसतंय कोपऱ्यातून. अजून थोडी. हां. रस्त्याकडे तोंड करा. बस. आता शेत तुझं. मला नुसता रस्ता दिसतोय.

सून : बाबा.

सासरे : पक्कं. धाकट्याशी मी बोलतो. गाड्याच बघत बसायचंय आता मला, धुतलेल्या असोत नाहीतर नसोत. तो कोण बसलाय तिथे फाटकापाशी? माझ्याकडेच बघतोय.

सून : मोती आहे, बाबा. त्याचं जेवण झालंय.